दुहेरीतले पहिलेपण

वर्तमानपत्राचे क्रीडापृष्ठ उघडावे, तर टेनिसच्या एकेरीतील विजेत्याचे छायाचित्र चार स्तंभ व्यापून बसलेले असते. दुहेरीचा निकाल पाहावयाचा म्हणजे पानाच्या तळाशी, बारीक टायपात, जाहिरातीच्या चौकटीला खेटून छापलेल्या दोन ओळी शोधाव्या लागतात. ह्या मांडणीची आपल्या डोळ्यांस इतकी सवय झालेली असते की, एकेरीत ज्यांची डाळ शिजली नाही त्यांच्यासाठी राखून ठेवलेला कोपरा म्हणजे दुहेरी, असे आपण फारसा विचार न करता मानून चालतो. अमकी जिंकली अशी बातमी घरात आली, की ‘एकेरीत की दुहेरीत?’ हा प्रश्न ठरलेला असतो. आणि उत्तर ‘दुहेरीत’ असे आले, की ‘असं होय!’ हा उद्गारही ठरलेलाच असतो.

त्या ‘असं होय’मध्ये न्याय किती आणि अन्याय किती, हे तपासावयाचे असेल, तर आपल्या हैदराबादकरांस दूर जावयास नको. सानिया मिर्झा हे नाव काचीगुड्यापासून सुलतान बाजारापर्यंतच्या आपल्या मराठी घरांतही एका काळी रोजच्या बोलण्यात होते. तिचे पहिले यश, तिची दुखणी, तिच्यावर उठलेली वादळे, हे सारे आपण वाचले आणि ऐकले. परंतु तिच्या कारकिर्दीचा जो उत्तरार्ध, म्हणजे एकेरी सोडून केवळ दुहेरी खेळण्याचा जो दहा वर्षांचा काळ, तो आपण कितपत समजून घेतला, ह्याविषयी शंका घ्यावयास जागा आहे. ह्या महिन्याच्या सदरात त्याच उत्तरार्धाचा विचार करावयाचा आहे.

हैदराबादला टेनिसची परंपरा नवी नव्हे. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये टेनिस खेळलेले आणि पुढे रणजी स्पर्धेतील पहिले शतक झळकविणारे सय्यद मोहम्मद हादी हे ह्याच संस्थानातले. अनेक खेळांत सारख्याच सहजतेने वावरल्यामुळे त्यांस ‘रेनबो हादी’ असे म्हणत. परंतु मुलींनी व्यवसाय म्हणून रॅकेट हाती धरावी, अशी वहिवाट येथे नव्हती. सानियाचा जन्म १५ नोव्हेंबर १९८६ रोजी मुंबईचा. पण ती तान्ही असतानाच कुटुंब हैदराबादेत आले. नासर स्कूलमध्ये शिकणारी ही सहा वर्षांची मुलगी आईचे बोट धरून निझाम क्लबच्या टेनिस मैदानावर गेली, तेव्हा इतक्या लहान मुलीला शिकवावयास तेथील प्रशिक्षक राजी नव्हते, आणि त्यांच्याशी वाद घालूनच प्रवेश मिळवावा लागला, ही हकीकत तिने स्वतःच सांगितलेली आहे. पुढे वडील इम्रान मिर्झा ह्यांनीच तिच्या शिक्षणाची धुरा वाहिली.

गंमत अशी की, तिच्या यशाचा आरंभही दुहेरीनेच झाला. २००३ मध्ये विम्बल्डनच्या मुलींच्या दुहेरीचे अजिंक्यपद तिने रशियाच्या अलिसा क्लेबानोव्हा हिच्यासह मिळविले. २००४ मध्ये हैदराबाद ओपन स्पर्धेत दक्षिण आफ्रिकेच्या लिझेल ह्यूबर हिच्या जोडीने तिने दुहेरीचे पहिले व्यावसायिक विजेतेपद पटकावले, आणि दुसऱ्याच वर्षी, फेब्रुवारी २००५ मध्ये, त्याच स्पर्धेच्या एकेरीत युक्रेनच्या अल्योना बोंडारेंको हिला हरवून ती महिलांच्या व्यावसायिक दौऱ्यावर एकेरीचे विजेतेपद मिळविणारी पहिली भारतीय स्त्री ठरली. दुहेरीचा आणि एकेरीचा असे दोन्ही नारळ घरच्याच अंगणात फुटले.

त्यानंतरची दोन-तीन वर्षे एकेरीची होती. २००५ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये तिसऱ्या फेरीपर्यंत जाऊन तिने सेरेना विल्यम्सशी सामना दिला; त्याच वर्षी अमेरिकन ओपनमध्ये ती चौथ्या फेरीत पोहोचली आणि तेथे मारिया शारापोव्हाकडून हरली. ऑगस्ट २००७ मध्ये जागतिक क्रमवारीत तिचा सत्ताविसावा क्रमांक लागला. एकेरीत इतक्या उंचीवर दुसरी कोणतीही भारतीय स्त्री अद्याप पोहोचलेली नाही. तेव्हा ‘एकेरीत डाळ शिजली नाही’ हे विधान तिच्यापुरते तरी प्रथमदर्शनीच बाद होते.

मग तिने एकेरी सोडली का? कारण अगदी शारीरिक आणि म्हणूनच निरुत्तर करणारे होते. तिच्या खेळाचा प्राण होता फोरहँड: मनगटाच्या एका झटक्यासरशी चेंडूला असा वेग देणारा, की समोरचीला पाय हलविण्याचीही उसंत मिळू नये. परंतु ज्या मनगटावर हा सारा डोलारा उभा होता, तेच मनगट २००८ मध्ये शस्त्रक्रियेच्या टेबलावर गेले. त्याच वर्षी बीजिंग ऑलिंपिकमधील एकेरीचा सामना तिला ह्याच दुखण्यापायी अर्धवट सोडावा लागला. गुडघ्यांनीही साथ सोडावयास सुरुवात केली आणि त्यांच्यावरही शस्त्रक्रिया झाल्या. एकेरीचा खेळाडू वर्षाकाठी दहा महिने, दर आठवड्याला नव्या गावी, सारे मैदान एकट्याने पळून काढतो. ते ह्या शरीराला झेपणारे नव्हते. २०१३ मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, तिने एकेरीला रामराम ठोकला.

हा निर्णय लिहावयास एक वाक्य पुरते. घेणाऱ्याला तो किती जड गेला असेल ह्याचा विचार करावा. ज्या कामामुळे जगाने आपल्याला ओळखले ते काम सोडून, ज्याला जग दुय्यम समजते ते पत्करावयाचे, आणि ते नाइलाज म्हणून न रेटता त्यात अव्वल व्हावयाचे! दुखऱ्या गुडघ्यांनिशी आणखी चार वर्षे एकेरीत रेंगाळत, पहिल्या-दुसऱ्या फेरीत हरत राहणे तिला शक्य होते. लोकांनी तिच्या चिकाटीची वाहवाही केली असती. पण आपल्याजवळ काय उरले आहे आणि ते कोठे लावले असता फळ देईल, ह्याचा शांतपणे हिशेब मांडण्याला चिकाटीपेक्षा वेगळे धैर्य लागते.

आता दुहेरीचा खेळ म्हणजे काय, हे थोडे मैदानावर उतरून पाहू. टेनिसचे मैदान ७८ फूट लांब असते. एकेरीसाठी त्याची रुंदी २७ फूट धरतात. दुहेरीसाठी दोन्ही कडांना साडेचार-साडेचार फुटांच्या पट्ट्या जोडून ती ३६ फूट होते. म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला अठरा फूट आले. वरवर पाहणाऱ्यास वाटेल, की सत्तावीस फुटांऐवजी अठराच सांभाळावयाचे, तेव्हा काम हलके झाले. धावणे कमी झाले हे खरेच. परंतु पलीकडे आता जाळीपाशी एक प्रतिस्पर्धी टपून उभी आहे. चेंडू तिच्या हाती लागला तर तो निम्म्या वेळात परत येतो. विचार करावयास जेथे एक श्वास मिळत होता, तेथे आता अर्धाच मिळतो. शिवाय सर्व्हिस परतविताना चेंडू जाळीवरून उंच गेला की घात ठरलेला, म्हणून तो खाली, तिरका आणि नेमका धाडावा लागतो. पायांचे काम कमी झाले, पण हाताचे आणि नजरेचे दुप्पट वाढले.

त्याहून कठीण गोष्ट मात्र मोजपट्टीने मोजता येत नाही. दोघींच्या बरोबर मधून येणारा चेंडू कोणाचा? प्रत्येक गृहिणीला ठाऊक असलेला अनुभव आहे: दोघी जावा स्वयंपाकघरात असताना, दूध दुसरीने उतरविले असेल असे समजून दोघीही गॅसकडे पाठ करतात आणि दूध ऊतू जाते. एकटी असती तर गेले नसते! दुहेरीतील निम्मे गुण अशाच ऊतू गेलेल्या दुधाचे असतात म्हटले तरी अतिशयोक्ती होऊ नये. ते वाचविण्यासाठी जोडीदारीण काय करणार हे ती करण्यापूर्वी कळावे लागते. ती चुकली तर कपाळाला आठी न घालता पुढच्या गुणाकडे वळावे लागते. आणि आपण चुकलो तर तिच्या डोळ्यांत पाहण्याचे बळ ठेवावे लागते. एकेरीत हरल्यावर दार लावून रडता येते. दुहेरीत हरल्यावरही शेजारी कोणी तरी उभे असते, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तिच्याच शेजारी उभे राहावयाचे असते.

ह्या व्यवसायाचे व्यवहारही चमत्कारिक आहेत. खेळावयाचे दोघींनी, पण जागतिक क्रमवारी मात्र जोडीची नसते, ज्याची त्याची स्वतंत्र असते. स्पर्धेत प्रवेश मिळावा म्हणून दोघींचे क्रमांक एकत्र जमेस धरतात. म्हणजे आपला क्रमांक कितीही चांगला असला, तरी जोडीदारीण मागे असेल तर दार अडते. ह्यामुळे जोडीदार शोधणे, जोडी जमविणे, मोडणे, पुन्हा जमविणे, हा दुहेरीपटूच्या जीवनक्रमाचा अटळ भाग होऊन बसतो. पैशाची गोष्ट तर विचारूच नये. २०१५ च्या विम्बल्डनमध्ये महिला एकेरीच्या विजेतीला १८ लाख ८० हजार पौंड मिळाले. दुहेरीच्या विजेत्या जोडीला ३ लाख ४० हजार, आणि तेही दोघींत वाटून. म्हणजे त्याच गवतावर, त्याच पंधरवड्यात जगज्जेतेपद मिळवूनही दुहेरीतील एकीच्या हाती एकेरीच्या सुमारे अकराव्या हिश्श्याइतकीच रक्कम पडली. आपल्याकडे मैफलीत साथीदाराची बिदागी मुख्य गायकाच्या बिदागीच्या मानाने किती असते, हे ज्यांस ठाऊक आहे, त्यांस ह्याचे नवल वाटावयाचे नाही. पण तबलजी उठून गेला तर गायकाची समेवरची ऐट कोठे राहते, हेही त्यांस ठाऊक असते.

तेव्हा ‘दुहेरी सोपी’ हा समज चुकीचा आहे; परंतु दुसऱ्या टोकाला जाऊन ‘दुहेरी एकेरीच्या तोडीची’ असे म्हणणेही सत्याला धरून होणार नाही. एकेरीतील अग्रगण्य खेळाडू बहुधा दुहेरी टाळतात. प्रेक्षक कमी, पैसा कमी, आणि म्हणून स्पर्धाही काहीशी विरळ. हे मान्य करूनही प्रश्न उरतो तो असा, की आपल्या अंगच्या गुणांना जेथे पूर्ण वाव मिळतो ते क्षेत्र निवडून त्यात शिखर गाठणे आणि न पेलणाऱ्या क्षेत्रात मधल्या पायरीवर आयुष्य काढणे, ह्यांत श्रेष्ठ काय? सानियाची सर्व्हिस कधीच भेदक नव्हती आणि तिच्या पायांना चपळाईची देणगी नव्हती. एकेरीत ही दोन्ही वैगुण्ये उघडी पडत. दुहेरीत निम्मे मैदान दुसरी सांभाळू लागताच वैगुण्ये झाकली गेली आणि तो फोरहँड मात्र पूर्वीइतकाच जळजळीत राहिला.

ह्याचे प्रत्यंतर लवकरच आले. तत्पूर्वी मिश्र दुहेरीत तिने महेश भूपती ह्याच्यासह २००९ चे ऑस्ट्रेलियन आणि २०१२ चे फ्रेंच अजिंक्यपद मिळविलेले होते. पैकी पहिल्यामुळे ती ग्रँड स्लॅम विजेतेपद मिळविणारी पहिली भारतीय स्त्री झाली होती. २०१३ ह्या एकाच वर्षात तिने वेगवेगळ्या जोडीदारिणींसह महिला दुहेरीची पाच विजेतेपदे घेतली. झिंबाब्वेची कारा ब्लॅक ही त्यांपैकी सर्वांत समंजस आणि अनुभवी. तिच्यासह २०१४ च्या अखेरीस सिंगापूरला झालेल्या वर्षान्त स्पर्धेचा अंतिम सामना सानियाने ६-१, ६-० असा जिंकला. पुढे ब्लॅक संसाराकडे वळली आणि सानियाला पुन्हा नवी जोडीदारीण शोधणे प्राप्त झाले. त्याच वर्षी ब्राझीलच्या ब्रूनो सोआरेससह अमेरिकन ओपनची मिश्र दुहेरीही तिने जिंकली होती. म्हणजे नाव होते, फॉर्म होता. नव्हती ती कायमची सोबत.

मार्च २०१५ मध्ये ती सोबत मिळाली. मार्टिना हिंगिस ही स्वित्झर्लंडची, एके काळची एकेरीची सम्राज्ञी. सोळाव्या वर्षी जगात पहिली, एकेरीची पाच ग्रँड स्लॅम विजेतेपदे नावावर, आणि दोनदा निवृत्त होऊन दुहेरीसाठी परतलेली. २००६ मध्ये ह्या दोघी एकेरीत एकमेकींविरुद्ध उभ्या होत्या: कोलकात्याला हिंगिसने सानियाचा धुव्वा उडविला आणि लगोलग सेऊलला सानियाने तिची परतफेड केली. नऊ वर्षांनी त्याच दोघी जाळीच्या एका बाजूला आल्या. एकीचा फोरहँड तोफेसारखा. दुसरीचा बॅकहँड आणि जाळीजवळचा हात सुईत दोरा ओवावा तसा. एकीने मागून चेंडू बडवून समोरच्यांची फळी खिळखिळी करावयाची आणि दुसरीने जाळीपाशी त्या भगदाडातून अलगद गुण टिपावयाचा, अशी ही कामाची वाटणी होती. फुगडीत दोघींनी सारखाच भार मागे टाकला तरच गिरकी साधते. एक जरी कचरली तरी दोघी भुईवर येतात. येथे दोघींनीही भार पुरता टाकला.

पहिल्याच तीन स्पर्धा, इंडियन वेल्स, मायामी आणि चार्ल्स्टन, त्यांनी ओळीने जिंकल्या. १३ एप्रिल २०१५ रोजी जाहीर झालेल्या क्रमवारीत सानिया दुहेरीत जगात पहिली आली. हा मान मिळविणारी ती पहिली भारतीय स्त्री. त्याच आठवड्यात ती फेड करंडकाच्या सामन्यांसाठी भारतीय संघाची खेळाडू-कर्णधार म्हणून हैदराबादेत उतरली. ज्या शहरात सहा वर्षांच्या मुलीला मैदानात घेण्यावरून वाद झाला होता, त्याच शहरात ती जगात पहिली होऊन आली.

त्या वर्षीचा विम्बल्डनचा अंतिम सामना तर दुहेरीचा अर्थ शिकविणारा पाठच होता. प्रतिस्पर्धी होत्या रशियाच्या एकातेरिना माकारोव्हा आणि येलेना व्हेस्निना. पहिला सेट हातचा गेला, ५-७. दुसरा कसाबसा टायब्रेकरवर मिळविला. निर्णायक सेटमध्ये २-५ अशी पिछाडी पडली; आणखी एक गेम गमावला असता तर सारे संपत होते. तेथून त्या दोघींनी एकेक गेम वेचीत बरोबरी गाठली. ५-५ असा गुणफलक असताना अंधार पडू लागला म्हणून मैदानाचे छप्पर बंद करावयास खेळ थांबला. आणि दिव्यांच्या उजेडात पुढचे दोन्ही गेम घेऊन सानिया-हिंगिस विजयी झाल्या. अशा वेळी एकटा खेळाडू आपल्याच भीतीशी झुंजत असतो. दोघी असतील, तर एकीचा धीर सुटला असता दुसरीचा पुरतो. मात्र दोघींचाही एकदम सुटता कामा नये, एवढीच अट!

त्यानंतर अमेरिकन ओपन, वर्षान्त स्पर्धा आणि २०१६ चे ऑस्ट्रेलियन ओपन अशी विजयांची माळ गुंफली गेली. ओळीने एक्केचाळीस सामने ही जोडी हरली नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये दोहा येथे ती मालिका खंडित झाली. दोघींनी मिळून एकंदर चौदा विजेतेपदे जिंकली.

आणि मग, ऑगस्ट २०१६ मध्ये, ही जोडी फुटली. विजय कमी होऊ लागले होते आणि आपापला मार्ग पाहण्याचे दोघींनी ठरविले. दैवाचा खेळ असा, की त्याच महिन्यात सिनसिनाटीच्या अंतिम सामन्यात एका बाजूला सानिया आणि चेक खेळाडू बार्बोरा स्ट्रित्सोव्हा, तर दुसऱ्या बाजूला हिंगिस आणि अमेरिकेची कोको व्हँडवे अशा त्या समोरासमोर आल्या. सानिया जिंकली, आणि जे पहिले स्थान तोवर दोघींत सामाईक होते ते तिच्या एकटीकडे आले. पण पुढची गोष्ट अधिक सांगण्यासारखी आहे. वर्षभराच्या कामगिरीवर ही जोडी वर्षान्त स्पर्धेस पात्र ठरलेली होती. तेव्हा फारकत झालेल्या ह्या दोघी ऑक्टोबरमध्ये सिंगापूरला पुन्हा एकत्र उभ्या राहिल्या आणि उपान्त्य फेरीपर्यंत खेळल्या. मन निराळे झाले तरी हातातले काम नेटकेपणाने पुरे करावयाचे, हा व्यावसायिकतेचा संस्कार घराघरांतूनही रुजण्याजोगा आहे.

पहिल्या क्रमांकाचा निरोपही तसाच विलक्षण. जानेवारी २०१७ मध्ये ब्रिस्बेनची स्पर्धा सानियाने अमेरिकेच्या बेथनी मॅटेक-सँड्स हिच्या जोडीने जिंकली. आणि ते जिंकताच तिचे पहिले स्थान गेले, तेही खुद्द ह्या जोडीदारिणीकडे! कारण असे: क्रमवारीत मागील बावन्न आठवड्यांचेच गुण धरतात. आदल्या वर्षी हीच स्पर्धा सानियाने हिंगिससह जिंकलेली असल्यामुळे तिचे जुने गुण गेले आणि तितकेच नवे आले. मॅटेक-सँड्सची मात्र निव्वळ भर पडली. एक्याण्णव आठवडे सांभाळलेले सिंहासन सानियाने स्वतःच्या विजयानेच शेजारणीच्या हवाली केले. जोडीदारिणीचा उत्कर्ष आपल्या मुळावर येतो हे ठाऊक असूनही तिच्यासाठी जीव तोडून खेळावयाचे, असा प्रसंग एकेरीपटूच्या वाट्याला कधी येत नाही.

ह्या कारकिर्दीला एक कडू बाजूही आहे. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकपूर्वी, ज्या भूपतीसह तिने नुकतेच फ्रेंच ओपन जिंकले होते त्याच्याऐवजी लिअँडर पेसशी तिची मिश्र दुहेरीची जोडी लावण्यात आली. पुरुष खेळाडूंमधील रुसवेफुगवे मिटविण्यासाठी एका स्त्रीखेळाडूला आमिषासारखे वापरण्यात आले, असा जाहीर निषेध तिने नोंदविला. आणि निषेध नोंदवूनही ती देशासाठी पेसच्या बाजूला उभी राहिली व उपान्त्यपूर्व फेरीपर्यंत खेळली. दुहेरीत जोडीदार ही कागदावरची बेरीज नसते. तेथे संमती लागते, विश्वास लागतो. मुलीचे मन न विचारता जोडी जुळविणारे वडीलधारे केवळ लग्नाच्याच बाजारात असतात असे नाही, इतकेच ह्यावर म्हणता येईल. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये रोहन बोपण्णासह ती पदकाच्या उंबरठ्यापर्यंत गेली. पण कांस्यपदकाची लढत गमावल्यामुळे चौथ्या क्रमांकावर समाधान मानावे लागले. ऑलिंपिक पदकाची उणीव अखेरपर्यंत राहिली.

मुलाच्या जन्मानंतर, जानेवारी २०२० मध्ये, होबार्टला युक्रेनच्या नादिया किचेनोक हिच्यासह परतीच्या पहिल्याच स्पर्धेत विजेतेपद मिळवून तिने मातृत्वानंतरच्या खेळाविषयीच्या शंकांना परस्पर उत्तर दिले. शेवटची ग्रँड स्लॅम स्पर्धा ती जानेवारी २०२३ मध्ये खेळली, जेथे अठरा वर्षांपूर्वी सेरेनाशी सामना झाला होता त्याच मेलबर्नला. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी ती मिश्र दुहेरीत उपविजेती ठरली, आणि जोडीदार होता बोपण्णा. चौदाव्या वर्षी मिश्र दुहेरीत तिच्या शेजारी पहिल्यांदा उभा राहिलेला तोच. ५ मार्च २०२३ रोजी लाल बहादुर स्टेडियमच्या, म्हणजे आपल्या जुन्या फतेह मैदानाच्या, टेनिस कोर्टावर प्रदर्शनीय सामने खेळून तिने आपल्या गावाचा निरोप घेतला. महिला दुहेरीची त्रेचाळीस व्यावसायिक विजेतेपदे आणि एकूण सहा ग्रँड स्लॅम, तीन महिला दुहेरीची व तीन मिश्र दुहेरीची, एवढी पुंजी पाठीशी होती. अर्जुन, पद्मश्री, खेलरत्न आणि पद्मभूषण हे सन्मान वेळोवेळी लाभले. पैकी शेवटचे दोन दुहेरीच्या बळावरचे आहेत.

भारतीय टेनिसचा गेल्या तीन दशकांचा बराचसा इतिहास दुहेरीनेच लिहिलेला आहे. १९९९ मध्ये पेस-भूपतींनी चारही ग्रँड स्लॅमच्या अंतिम फेऱ्या गाठून त्यांतल्या दोन जिंकल्या. २०२४ मध्ये बोपण्णा वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी ऑस्ट्रेलियन ओपन जिंकून दुहेरीत जगात पहिला झाला. मराठी नावेही ह्या मालिकेत आहेत. १९९४ च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत पेसच्या बाजूला सुवर्णपदकाचा वाटेकरी होता गौरव नाटेकर, बॅडमिंटनपटू नंदू नाटेकरांचा मुलगा; आणि २०२३ मध्ये हांगचौ येथील आशियाई स्पर्धेत बोपण्णासह मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक मिळविले ते ऋतुजा भोसले हिने. अंतिम सामन्यातला पहिला सेट २-६ असा गमावल्यानंतर ही जोडी सावरली, हे विशेष. मात्र एवढ्यावर संतुष्ट राहणे बरे नव्हे. एकेरीत मूल घडवावयाचे तर प्रशिक्षक, व्यायामतज्ज्ञ, परदेशचे प्रवास असा वर्षानुवर्षांचा खर्च येतो, आणि तो झेपत नाही म्हणूनही आपली पावले दुहेरीकडे वळतात. सानियानंतर एकेरीत तिच्या जवळपास जाणारी भारतीय मुलगी निघाली नाही, हे दुःख दुहेरीच्या पदकांनी झाकू नये. दुहेरी ही निवड असावी; सक्ती असू नये.

परंतु जी निवड म्हणून दुहेरी पत्करते, तिला ‘असं होय!’ म्हणून वाटेला लावण्याचा अधिकार आपल्याला नाही. आपल्या कुटुंबांतून मुलांच्या परीक्षांचे निकाल लागतात, शाखा निवडल्या जातात, नोकऱ्या धरल्या आणि सोडल्या जातात. अमक्याच्या मुलाने संशोधन सोडून शिक्षकी पत्करली, तमक्याची मुलगी एकल गायन सोडून संवादिनीची साथ करू लागली, असे कानावर आले, की ती माघारच असावी असे आपण धरून चालतो. क्वचित ती तशी असेलही. पण पुष्कळदा त्यामागे आपले बळ कोठे आहे हे ओळखलेले एक शहाणे मन असते, आणि त्या मनाला त्या दिवसांत सर्वांत जास्त गरज असते ती घरच्यांनी प्रश्नचिन्ह चेहऱ्यावर न आणण्याची. २०१३ मध्ये एकेरीचा निरोप घेणाऱ्या सव्वीस वर्षांच्या मुलीला, दोन वर्षांनी आपण जगात पहिल्या असू, हे कोणी सांगितलेले नव्हते. तिच्यापाशी होते ते दुखरे गुडघे, एक फोरहँड, आणि निर्णयाच्या पाठीशी उभे राहिलेले आईबाप. आपल्या घरातली मुले उद्या असा एखादा निर्णय घेऊन समोर आली, तर एकेरी की दुहेरी हे विचारण्याआधी त्यांचे म्हणणे पुरते ऐकून घ्यावे, एवढीच ह्या निमित्ताने वाचकांस विनंती.